पिशवीनंतरचे रक्त

आरएनएवर काम करणारी माणसे स्वतःच्या हातांना घाबरतात. माणसाच्या घामात, थुंकीत, बोटांच्या टोकांवर असा एक पदार्थ असतो की तो आरएनएचे बघता बघता तुकडे करून टाकतो. म्हणून आसिमिना गाकी वीस वर्षे दिवसातून चाळीस वेळा हातमोजे बदलत आली, टेबल तीन-तीनदा पुसत आली, आणि उघड्या नळीवर एक शब्दही न बोलण्याची तिने स्वतःला सवय लावून घेतली. ही सवय प्रयोगशाळेपुरती राहिली असती तर बरे झाले असते. पण ती बैठकीतही गप्प, प्रोफेसरांसमोरही गप्प, स्वतःच्या कामावर दुसऱ्याचे नाव चढताना बघूनही गप्प. राग येत नव्हता असे नाही. राग यायचा, ती तो गिळायची, आणि दुसऱ्या दिवशी आठच्या ठोक्याला पुन्हा टेबल पुसायला हजर.

गाव त्रिकाला, ग्रीसमधल्या थेस्सलीच्या सपाटीवरचे. एके काळी या सपाटीत दलदल होती आणि दलदलीत मलेरिया. मलेरिया गेला, पण त्याच्याशी झुंजताना लोकांच्या रक्तात जो दोष टिकून राहिला तो काही गेला नाही. आई आणि बाप दोघांकडेही तो दडलेला असला तर एखाद्या पोराच्या वाट्याला थॅलेसेमिया येतो. अंगात धड रक्त तयार होत नाही, दर तीन आठवड्यांनी दुसऱ्याचे चढवून घ्यावे लागते, तेही जन्मभर. आसिमिनाच्या वर्गात, तिच्याच बाकावर, अशी एक मुलगी होती. थोमाई. पिवळी पडत पडत ती मेणासारखी व्हायची, मग एक दिवस गैरहजर, आणि परत यायची ती गालांवर लाली घेऊन.

"या वेळी कुणाचं प्यालीस गं?" पोरे विचारायची.

"तुझ्या आजोबाचं. दारूचा वास येत होता," थोमाई सांगायची.

आसिमिनाचा बाप ट्रॅक्टर दुरुस्त करायचा. पोरगी थेस्सालोनिकीला शिकली, तिथून हॉलंडला गेली, सात वर्षे राहिली, आणि त्या परक्या देशात तिने अभ्यासाला निवडला तो नेमका आपल्या गावचा रोग. रोगाचे मूळ एका अक्षरात होते. जनुकावरून आरएनएची जी प्रत निघते, तिच्यातला नको असलेला भाग पेशी कापून टाकते आणि कामाचे तुकडे जोडते. या लोकांच्या जनुकात एक अक्षर चुकलेले, त्यामुळे कापण्याची खूण भलत्याच जागी उमटते. कात्री तिथे चालते, एकोणीस अक्षरे जास्तीची राहून जातात आणि पुढच्या सगळ्या मजकुराचा विचका होतो. शंभर प्रतींमधल्या तीन-चार तेवढ्या नीट निघतात. ती खोटी खूण झाकून टाकता आली तर? आसिमिनाने उमेदीची सगळी वर्षे या एका प्रश्नाला दिली.

२००३ साली ती परत आली. त्रिकालात एका जुन्या घराण्याच्या देणगीवर चालणारी रक्तरोग संस्था होती. वरच्या मजल्यावर प्रयोगशाळा, खाली रक्त चढवण्याचा वॉर्ड. प्रोफेसर लाझारोस झिओगास हे तिथले सर्वेसर्वा. उंच, रुबाबदार, आवाज असा की साधे 'नमस्कार' म्हणाले तरी ऐकणाऱ्याला आपला सत्कार झाल्यासारखे वाटावे. नळी हातात धरून त्यांना पंधरा वर्षे झाली होती. लेखातली चित्रे बघायची, लेखकांच्या यादीत शेवटी, प्रमुखाच्या जागी, आपले नाव आहे ना एवढे तपासायचे, की झाले संशोधन.

आसिमिनाला त्यांनी एक वर्षाच्या करारावर घेतले. "पुढच्या वर्षी तुझी कायमची जागा, आसिमिना बाळा." अशी चौदा पुढची वर्षे आली आणि गेली. मध्ये २००९ साली एक जागा निघाली. ग्रीसमध्ये जाहिरात काढण्याची एक रीत आहे, आणि त्या रीतीला ते लोक 'फोटो' म्हणतात. ज्याला घ्यायचे ते आधी ठरते, मग त्याच्या अंगाच्या मापाने जाहिरात बेतली जाते. हा विषय, ही पदवी, एवढे लेख, अमुक यंत्राचा अनुभव. वाचणाऱ्याला चेहरा ओळखू यावा. २००९ सालचा फोटो प्रोफेसरांच्या भाच्याचा होता. भाच्याचे नाव नेस्तोरास. त्याचा प्रबंध आसिमिनानेच सुधारून दिला होता, पानन् पान. तेव्हाही ती गप्पच राहिली.

अखेर २०१६ साली औषध तयार झाले. खोट्या खुणेवर चपखल बसणारा, प्रयोगशाळेत घडवलेला एक छोटासा तुकडा. नऊ रुग्णांना सहा महिने त्याची इंजेक्शने द्यायची, दर तीन आठवड्यांनी त्यांच्या रक्तातला आरएनए तपासायचा, नीट निघालेल्या प्रती मोजायच्या. नऊ जणांत थोमाई होती. ती आता एसटी स्टँडसारख्या तिथल्या बस स्थानकावर तिकिटाच्या खिडकीत बसायची, आणि सगळ्या जिल्ह्याला तिच्या जिभेचा धाक होता.

औषध सुरू होण्याआधीचे नमुने आसिमिनाने स्वतः घेतले. वॉर्ड सकाळी साडेसातला सुरू होतो; ती सातला खाली जाऊन नळ्या भरून घ्यायची, मगच सिस्टर रक्ताची पिशवी लावायची. पण औषध सुरू झाल्यावर प्रोफेसरांनी बोलावून सांगितले, "नमुन्यांचं काम यापुढे नेस्तोरास बघेल. लेखावर पहिलं नाव त्याचं टाकायचंय, त्यानं काहीतरी केलेलं दिसायला नको का?" आसिमिनाने मान हलवली. त्या मान हलवण्याचा तिला पुढे इतका संताप आला की आरशात स्वतःचे तोंड बघवेना.

सहा महिन्यांत नीट प्रती शंभरात चारांवरून एकवीसवर गेल्या. लेख छापून आला: नेस्तोरास पहिला, प्रोफेसर शेवटचे, आसिमिना मधे चौथी. प्रोफेसर टीव्हीवर गेले. आणि दुसरा टप्पा ठरला. औषध लागू पडतेय म्हटल्यावर रुग्णांना रक्त कमी लागणार, तेव्हा दोन पिशव्यांमधले अंतर तीन आठवड्यांवरून सहा आठवड्यांवर न्यायचे. सुरुवात २०१७च्या पास्काआधीच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या, सोमवारी. थोमाईची पिशवी त्याच सोमवारी होती. वॉर्डाच्या यादीतून ती पिशवी काढून टाकण्यात आली.

"सहा आठवडे!" थोमाई म्हणाली होती. "अगं आसे, माझी सख्खी बहीण सत्तावीस वर्षं मेलबर्नमध्ये राहतेय. अठरा दिवसांपेक्षा जास्त मी या गावाबाहेर कधी काढले नाहीत. मे महिन्याचं तिकीट काढलंय मी. बसचं नव्हे, विमानाचं!"

मार्चमध्ये आसिमिनाने ठरवले की उरलेल्या नमुन्यांतला सगळाच आरएनए एकदा वाचून काढावा. नुसत्या त्या एका जनुकाचा नाही, सगळा. सांगितले कुणी नव्हते. काम पुरे झाले नाही तर तिला चैन पडत नसे, एवढेच. आणि थोमाईच्या नळीत तिला पुरुष सापडला.

पुरुषांच्याच अंगात असणाऱ्या गुणसूत्रावरून निघालेला आरएनए, स्वच्छ, ठळक, एका बाईच्या रक्तात. आधी तिने स्वतःवर संशय घेतला. हातमोजे, टेबल, पाणी, सगळे बदलून पुन्हा केले. पुन्हा तेच. मग औषधाआधीचा, स्वतःच्या हाताने घेतलेला थोमाईचा नमुना काढला. त्यात पुरुष नव्हता. नऊ जणांत चार बायका. औषधानंतर तिघींच्या नळ्यांत पुरुष. आसिमिना खुर्चीवर बसली आणि तिच्या लक्षात आले की आपल्याला नळीवर तारीख दिसत होती, वेळ दिसत नव्हती, आणि ती आपण एकदाही विचारली नाही.

ती जिना उतरून वॉर्डात गेली. मारिगो सिस्टर तिथे तीस वर्षे होती.

"मारिगोबाई, नेस्तोराससाठी नळ्या कधी भरता? पिशवीच्या आधी की नंतर?"

"नंतर. पिशवी संपली की त्याच सुईतून."

"कागदावर 'आधी' लिहिलंय."

"कागदाला काय जातंय लिहायला! तुमच्या नळ्या वरच्या कपाटात. कपाटाला कुलूप. किल्ली भाचेसाहेबांच्या खिशात, आणि भाचेसाहेब उगवतात दहाला. माणसांना कामावर जायचं असतं, बाई. साडेसातला मी पिशवी लावते. मग काय, नळ्या आल्यावर पुन्हा टोचू? थोमाईच्या हाताची चाळणी झालीय. एक शीर सापडायला मला वीस मिनिटं लागतात, आणि तेवढा वेळ तिच्या शिव्या ऐकाव्या लागतात."

"पण कुणाला विचारायचं तरी!"

"विचारलं की! तुमच्या प्रोफेसरांना विचारलं. म्हणाले, काय फरक पडतो, रक्त ते रक्त."

रक्त ते रक्त. जो माणूस टीव्हीवर आरएनएची नाजूक भाषा समजावून सांगत होता, तो म्हणाला होता रक्त ते रक्त. पिशवीतले रक्त कुणा धडधाकट रक्तदात्याचे. त्याच्या ताज्या पेशींत नीट प्रतीच असणार, सगळ्याच्या सगळ्या; पुढच्या पिशवीपर्यंत तो आरएनए विरून जातो, पण पिशवी नुकती संपली असताना तो असतोच. सहा महिने ते औषधाचा गुण म्हणून जे मोजत होते ते दुसऱ्याच माणसाचे निरोगी रक्त होते. औषधाने काही केल्याचा केसभरही पुरावा नव्हता, आणि त्या भरवशावर नऊ माणसांचे रक्त निम्मे होणार होते. थोमाईच्या हृदयात चाळीस वर्षांच्या पिशव्यांचे लोखंड साचलेले. रक्त उतरले की ते हृदय आधी कुरकुरणार आणि मग थांबणार.

शनिवारी लाझारोसचा सण, म्हणजे प्रोफेसरांच्या नावाचा दिवस. संस्थेला सुट्टी, म्हणून शुक्रवारीच त्यांच्या टेबलावर ताट मांडलेले होते. त्यांच्या आईने केलेले छोटे गोड पाव, माणसाच्या आकाराचे, हात छातीवर दुमडलेले, डोळ्यांच्या जागी लवंगा.

"ये ये, आसिमिना बाळा. घे. आईच्या हातचे आहेत, उपासाला चालतात."

"अभिनंदन, सर. दुसरा टप्पा थांबवा."

तिने कागद पुढे ठेवले आणि सगळे सांगितले. प्रोफेसरांनी चित्रे बघितली.

"दार लाव. हं. नऊ जणांत तीन म्हणतेस. म्हणजे नक्की काहीच नाही."

"बाकीच्यांत पाच पुरुष आहेत, सर. पुरुषात पुरुष दिसणार कसा? आणि चौथीला बाईचं रक्त चढलं असेल."

"बरं, बरं. पास्का होऊ दे. कोकरू खाऊ, मग शांत डोक्यानं बसू."

"सोमवारी थोमाईची पिशवी आहे. होती."

"एक पिशवी चुकली म्हणून कोण मरत नाही." त्यांनी खण उघडला आणि एक कागद तिच्यापुढे सरकवला. "हे आधी वाच. मेमध्ये निघतेय."

जाहिरात होती. कायमची जागा. विषय आरएनए, थॅलेसेमियाचा अनुभव, हॉलंडमधल्या पदवीला प्राधान्य, छोट्या तुकड्यांवर किमान सहा लेख. आसिमिनाचा फोटो, हुबेहूब.

"फक्त तुझ्या चपलेचा नंबर घालायचा राहिलाय," प्रोफेसर हसत म्हणाले.

चौदा वर्षे तिने या कागदाची वाट पाहिली होती, आणि खोटे कशाला सांगा, एक क्षण तिला आनंद झाला. त्या आनंदाचीच तिला किळस आली, आणि किळसेतून तो सगळा, चौदा वर्षांचा गिळलेला राग वर आला.

"रक्त ते रक्त, असं तुम्ही म्हणालात?"

"आवाज खाली ठेव."

"चौदा वर्षं खालीच आहे! तुमच्या भाच्याला दहापर्यंत झोपायला मिळावं म्हणून नऊ माणसांचा जीव टांगणीला लागलाय, आणि तुम्ही मला लवंगांचे डोळे दाखवताय? माझ्या शाळेतली पोरगी आहे ती! तुम्ही तिचं नाव तरी सांगू शकाल का मला, कागद न बघता?"

प्रोफेसरांना सांगता आले नाही. "तू दमलीयस," ते म्हणाले. "घरी जा." ती घरी गेली नाही. वर जाऊन लेख छापणाऱ्या नियतकालिकाला आणि नैतिक समितीला पत्रे लिहिली, पुरावे जोडले, आणि पाठवली. समितीकडून तत्काळ उत्तर आले, यंत्राने दिलेले: कार्यालय पास्कानंतर उघडेल. आपणा सर्वांना सणाच्या शुभेच्छा.

मग तिने नऊ जणांना फोन लावले. प्रोफेसरांनी वॉर्डाला सक्त ताकीद दिली होती की यादीबाहेर पिशवी लावायची नाही. मारिगोने ती ऐकून घेतली, "हो सर" म्हटले, आणि नवाच्या नऊ जणांचे रक्त जुळवून फ्रीजमध्ये ठेवले. ज्याची त्याची तारीख ठरलेली, पण मंगळवारपर्यंत आठ जण येऊन बोलून गेले आणि जुन्याच तारखा पक्क्या करून गेले. थोमाईने फोनवर शेवटपर्यंत ऐकलेच नाही. "माझ्या सहा आठवड्यांना हात लावलास तर बघ," म्हणाली आणि फोन आपटला. सोमवार गेला, मंगळवार, बुधवार गेला. ती फिरकली नाही.

पवित्र गुरुवारी, पास्काच्या तीन दिवस आधी, दुपारी आसिमिना बस स्थानकावर गेली. सणाला गावी निघालेल्यांची झुंबड. ती मुकाट्याने तिकिटाच्या रांगेत उभी राहिली. काचेमागे थोमाई बसली होती, आणि तिच्या चेहऱ्याचा तो मेणाचा रंग आसिमिनाने रांगेतल्या अकराव्या जागेवरून ओळखला.

"कुठलं तिकीट?" थोमाईने वर न बघता विचारले.

"वॉर्डाचं. चल ऊठ."

"नंतरचा कोण? पुढे या!"

"थोमाई, तुझ्या रक्तात औषधाचं काही नव्हतं गं. दुसऱ्या कुणाचं होतं. एका पुरुषाचं. हे बघ, इथं." तिने कागद काचेला चिकटवला.

थोमाईने कागदाकडे बघितले, मग तिच्याकडे. "पुरुष? चव्वेचाळीस वर्षांत एक धड पुरुष मला हाताला लागला नाही, आणि तू म्हणतेस रक्तात आहे?"

मागे कुणीतरी खो खो हसले. "बाई, पुरुष सापडला असेल तर आमची लारिसाची तिकिटं फाडा की! गाडी चाललीय!"

"चालू दे! ड्रायव्हर माझा आतेभाऊ आहे, मी सांगेपर्यंत हलत नाही तो," थोमाई ओरडली, आणि ओरडता ओरडता तिला धाप लागली. तिने टेबलाची कड धरली. मग हळू आवाजात म्हणाली, "मला बरं वाटत होतं, आसे. खरंच वाटत होतं. ते पण खोटंच?"

"तुला सांगितलं होतं बरं वाटेल, म्हणून वाटलं."

"कुणी सांगितलं होतं? तूच!"

"मीच," आसिमिना म्हणाली.

"सहा महिने इंजेक्शनं घेतली मी. मांडीवर जागा राहिली नाही. बहिणीनं माझ्यासाठी खोली रंगवलीय. आणि तू कधी विचारलं पण नाहीस की नळी किती वाजता भरली?"

"नाही विचारलं."

"तुझ्या त्या प्रोफेसरचा राग मला येणारच. पण तो कोण लागतो माझा? तू माझ्या बाकावर बसायचीस."

आसिमिनाने काचेवरचा कागद काढून घेतला. थोमाईने खिडकीवर 'बंद' अशी पाटी लावली, ओव्हरकोट खांद्यावर टाकला आणि बाहेर आली.

"मी तुझ्याशी बोलत नाहीये, हे लक्षात ठेव."

"ठेवते. पण गाडीत बसून बोलू नकोस."

वॉर्डात मारिगो पास्काची लाल अंडी रंगवून आली होती, बोटे लालभडक. आसिमिनाने तिला थांबवले, आधी नळ्या भरून घेतल्या, मग पिशवी लागली. थोमाईचे रक्त नेहमीपेक्षा कितीतरी खाली उतरले होते आणि नाडी ठेका चुकत होती. आणखी तीन आठवडे तसेच गेले असते तर काय झाले असते, हे तिथल्या डॉक्टरने सांगितले नाही. त्याने फक्त प्रोफेसरांच्या यादीचा कागद घेतला आणि चार तुकडे करून टोपलीत टाकला.

दुसरा टप्पा पास्कानंतर बंद झाला. लेख मागे घ्यायला पाच महिने लागले, कारण प्रोफेसरांच्या मसुद्यात चुकीचे खापर 'एका सहलेखिकेच्या ढिलाईवर' फोडलेले होते आणि आसिमिना त्यावर सही करायला तयार नव्हती. चार वेळा मसुदा आला, चार वेळा तिने तो परत पाठवला, दर वेळी वेळेची आणि किल्लीची हकिगत तारखांसह जोडून. शेवटी समितीने तीच हकिगत जशीच्या तशी छापायला लावली. तोवर तिचा करार संपला होता. प्रोफेसर सन्मानाने निवृत्त झाले. त्यांच्या निरोप समारंभाला गावचे महापौर आले. मे महिन्यातली जाहिरात पुढच्या वर्षी निघाली आणि तिच्यात हॉलंडचा उल्लेख नव्हता. नेस्तोरास अजून तिथेच आहे. या सगळ्याचा आसिमिनाला अजूनही राग येतो, आणि आता ती तो गिळत नाही. थेस्सालोनिकीच्या ज्या प्रयोगशाळेत तिला पुढे काम मिळाले, तिथे नळीवर वेळ नसेल तर ती नळी परत जाते, आणणारा कुणाचाही भाचा असो. त्या खोट्या खुणेवर ती अजून काम करते आहे. तुकडा नवा आहे. लागू पडेल की नाही, तिला माहीत नाही, आणि पडेल असे ती कुणाला सांगत नाही.

महिन्यातून दोनदा ती आईला भेटायला त्रिकालाला येते आणि रविवारी दुपारच्या बसने परत निघते. तिकिटाच्या खिडकीत थोमाई असते. ती पैसे घेते, तिकीट फाडते, आणि अनोळखी बाईशी बोलावे तसे सांगते, "खिडकीची जागा नाहीये, मॅडम."

बस अर्धी रिकामी असते.